सौदामिनीचे गलबत : चाच्याचा चेहरा, पडदा आणि आपण

आमच्या बीड जिल्ह्याला समुद्र नाही. उत्तरेच्या सीमेवरून गोदावरी जाते, सिंदफणा, बिंदुसरा आणि मांजरा आहेत. पण उन्हाळ्यात यांपैकी कोणत्याही पात्रात उभे राहिले तर पाण्यापेक्षा वाळूच अधिक दिसते. तरीही याच जिल्ह्याने मराठी वाङ्मयाला दोन समुद्र दिले, ही गंमत वर्गात सांगताना आम्हांला दरवर्षी आनंद होतो. आंबाजोगाईच्या मुकुंदराजांनी आपल्या ग्रंथाला 'विवेकसिंधु' म्हटले आणि त्याच गावच्या दासोपंतांनी आपल्या प्रचंड गीताटीकेला 'गीतार्णव'. (मुकुंदराज आंबाजोगाईचे की आंभोऱ्याचे, हा वाद वाचकांना ठाऊक आहेच. आम्ही कोणत्या बाजूचे, हे सांगायला नको.) सिंधु काय आणि अर्णव काय, दोन्ही समुद्रच. मात्र हा समुद्र ज्ञानाचा किंवा भवाचा. त्यात नौका आहे, नावाडी आहे, पैलतीर आहे, षड्रिपूही आहेत. चाचे मात्र नाहीत.

मग आमच्या विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढे चाचा येतो कोठून? काही वर्षांपूर्वी पदव्युत्तर वर्गात 'प्रतिमा आणि रूढ संकेत' हा घटक शिकवताना आम्ही एक लहानसा प्रयोग केला. 'चाचा' हा शब्द फळ्यावर लिहिला आणि दहा ओळींत त्याचे वर्णन करावयास सांगितले. वर्गातल्या बहुतेकांनी प्रत्यक्ष समुद्र पाहिलेला नव्हता. कित्येकांचे आईवडील दर हिवाळ्यात कोयता घेऊन ऊसतोडीला जाणारे. तरीही वह्यांत आलेला चाचा जवळपास एकच होता : एका डोळ्यावर काळी पट्टी, खांद्यावर पोपट, एक पाय लाकडाचा, डोक्यावर कवटीचे चिन्ह असलेली तिकोनी टोपी. एकाने हाताच्या जागी आकडाही बसवला होता. हा सगळा ऐवज चित्रपटांचा आणि दूरचित्रवाणीवरच्या हिंदीत बोलणाऱ्या परदेशी पटांचा, हे कळायला वेळ लागला नाही. पण वह्या परत देताना मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, "सर, मग कान्होजी आंग्रे असेच दिसत होते का?"

वर्ग हसला. आम्हांला मात्र हसता आले नाही. इंग्रज कान्होजींना 'पायरेट' म्हणत, हे तिने इतिहासाच्या पुस्तकात वाचले होते; पायरेट म्हणजे चाचा, हे तिला शब्दकोशाने सांगितले होते; आणि चाचा म्हणजे काय, ते पडद्याने. तिन्ही पायऱ्या तिने बिनचूक चढल्या होत्या. चूक असलीच तर जिन्याची होती. हा लेख त्या प्रश्नापासून सुरू झाला.

प्रथम जिन्याच्या वरच्या पायरीकडे पाहू. आज जगभर ओळखला जाणारा चाचा हा इतिहासापेक्षा रंगभूमीचा, चित्रकारांचा आणि विशेषतः मोजक्या नटांचा आहे. स्टीव्हन्सनची 'ट्रेझर आयलंड' १८८३ मध्ये पुस्तकरूपाने आली. तिच्यातल्या लाँग जॉन सिल्व्हरला एकच पाय आहे आणि खांद्यावर पोपटही आहे. पण त्याला लाकडी पाय नाही, तो कुबडी वापरतो. आकड्याचा हात बॅरीच्या 'पीटर पॅन' या १९०४ च्या नाटकातून आला. कमरेचा रुंद पट्टा आणि डोक्याचा रुमाल बऱ्याच अंशी हॉवर्ड पाइल या अमेरिकन चित्रकाराच्या चित्रांनी रूढ केला. चित्रपटाने हे सुटे भाग एकत्र आणले आणि त्यांना चाल, आवाज व हसू दिले. डग्लस फेअरबँक्स १९२६ च्या 'द ब्लॅक पायरेट'मध्ये शिडात सुरी खुपसून, शीड फाडत खाली घसरत आला आणि चाचा चपळ झाला. १९३५ च्या 'कॅप्टन ब्लड'मध्ये एरॉल फ्लिनने त्याला देखणा आणि अन्यायाने पिडलेला केले. चाच्याचा आवाज मात्र रॉबर्ट न्यूटन या इंग्लिश नटाचा. डिस्नेच्या १९५० च्या 'ट्रेझर आयलंड'मध्ये त्याने सिल्व्हर साकारताना इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागातली घोळदार बोली वापरली आणि 'र' हा वर्ण असा काही गुरगुरवला, की तेव्हापासून जगातला प्रत्येक चाचा तसाच बोलतो. पुढे १९५२ मध्ये त्याने 'ब्लॅकबिअर्ड' केला, १९५४ मध्ये पुन्हा सिल्व्हर केला. एकाच नटाने एकच ढंग तीनचार वेळा गिरवला आणि सतराव्या-अठराव्या शतकांतल्या सर्व दर्यावर्दी लुटारूंना कायमची एक बोली मिळाली. खरे चाचे डच होते, फ्रेंच होते, आफ्रिकन होते. त्यांनी ही बोली ऐकली असती तर त्यांना दुभाष्या लागला असता.

२००३ मध्ये जॉनी डेपने या जुन्या चाच्याला डुलता, सुरमा घातलेला, अर्धवट शुद्धीतला केला. आमच्या विद्यार्थ्यांनी पाहिलेला चाचा मुख्यतः हाच. त्याच मालिकेतला २००७ चा तिसरा चित्रपट मराठी माणसाने मुद्दाम पाहावा असा आहे. चित्रपट थोर आहे म्हणून नव्हे. जगभरच्या चाच्यांच्या सरदारांची त्यात सभा भरते आणि हिंदी महासागराचा सरदार म्हणून एक दाढीवाला, पागोटेधारी गृहस्थ येतो. त्याचे नाव आहे 'श्री संभाजी'. हे नाव लेखकांना कोठून सुचले, हे सांगायला इतिहासकार नको. कान्होजींचा पुत्र संभाजी आंग्रे हा १७३४ ते १७४२ या काळात सरखेल होता. ईस्ट इंडिया कंपनीचे 'डर्बी' हे मोठे जहाज १७३५ मध्ये त्याच्याच आरमाराने धरले. इराणी वंशाच्या मार्शल मानेश या नटाने ही भूमिका केली आहे. पडद्यावरचा हा संभाजी बहुतेक वेळ दोन सेवकांच्या तोंडून बोलतो आणि अखेर स्वतः बोलतो तेव्हा आवाज निघतो तो अगदी किरटा. प्रेक्षकांनी हसावे, एवढेच त्याचे काम. कंपनीच्या कारभाऱ्यांची ज्याच्या नावाने झोप उडे, त्याचा दोनशे सत्तर वर्षांनी एक विनोद झाला. त्याचा राग यावा की इतिहासाने घेतलेल्या गिरकीची मौज वाटावी, याविषयी आम्हां दोघांत अजून एकमत नाही.

आता खालच्या पायरीकडे. आंग्र्यांना चाचे कोणी ठरवले? पश्चिम किनाऱ्यावर परवान्यावाचून जहाज हाकणे हा गुन्हा, ही कल्पना पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात आणली. त्यांच्या परवान्याला 'कार्ताझ' म्हणत. कान्होजींनी मराठ्यांचे दस्तक घेण्याची सक्ती केली, ती याच रीतीची. इंग्रजांचे म्हणणे असे, की कंपनीच्या जहाजांना आणि कंपनीचा परवाना घेतलेल्या व्यापाऱ्यांना आंग्र्यांच्या दस्तकाची गरज नाही. म्हणजे वाद चोरी आणि सावकारी यांच्यातला नव्हता, तर परवाना देणाऱ्या दोन सत्तांमधला होता; त्यांतल्या एका सत्तेकडे छापखाना होता, एवढेच. १७३७ मध्ये क्लेमंट डाउनिंग या खलाशाचा ग्रंथ लंडनमध्ये निघाला, त्याच्या नावातच 'अँग्रिया द पायरेट' आहे. १९०७ मध्ये कर्नल बिडल्फने 'मलबारचे चाचे' अशा अर्थाच्या नावाचे पुस्तक लिहून तेच पुढे चालवले. कोकणातला आंग्रे मलबारात कसा, असा प्रश्न कोणी विचारू नये. इंग्रजी कागदांत सारा पश्चिम किनाराच कित्येकदा मलबार असतो. इंग्रजी कादंबऱ्यांतही हा 'अँग्रिया' शिरला. हर्बर्ट स्ट्रँग या नावाने लिहिलेल्या 'इन क्लाइव्ह्ज कमांड' या १९०६ च्या किशोर-कादंबरीचा नायक घेरियाच्या, म्हणजे आपल्या विजयदुर्गाच्या, कैदेत पडतो. ब्रॉन्टे भावंडांनी बालपणी रचलेल्या काल्पनिक राज्याचे नाव 'अँग्रिया' होते, हे इंग्रजी विभागातल्या मित्राने सांगितले तेव्हा आम्ही क्षणभर थबकलो.

या 'चाच्या'ची जहाजे पडद्यावरच्या जहाजांसारखी नव्हती, हेही सांगून टाकले पाहिजे. दोनतीन डोलकाठ्यांच्या, उथळ तळाच्या गुरबा आणि वल्ह्यांनी चालणारी हलकी गलबते ही आंग्र्यांची खरी शक्ती. वारा पडला की कंपनीची अवजड जहाजे जागच्या जागी डुलत राहत आणि गलबते वल्ही मारीत गुरबांना त्यांच्या पिछाडीस नेऊन भिडवीत. मागून मारा करायचा, शिडाच्या काठ्या पाडायच्या, मग वर चढायचे. यात कवटीचे निशाण कोठेही नाही. माणसे कोळी आणि भंडारी समाजांतली, किनारा आणि भरती-ओहोटी पाठ असलेली. मुंबईचा गव्हर्नर चार्ल्स बून याने १७१७ मध्ये विजयदुर्गावर आणि पुढच्या वर्षी खांदेरीवर मोहीम काढली, दोन्ही फसल्या. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज यांनी मिळून कुलाब्यावर चाल केली, इंग्लंडच्या राजाच्या आरमाराचा कमोडोर मॅथ्यूज जातीने हजर होता, तरीही कुलाबा पडला नाही. कान्होजी १७२९ मध्ये वारले ते अजिंक्यच.

पण येथे आम्हांला एक अडचण नोंदवल्यावाचून पुढे जाववत नाही. कान्होजी चाचे नव्हते, सरखेल होते, स्वराज्याचे आरमारप्रमुख होते, असे आपण छातीठोकपणे म्हणतो आणि ते खरेच आहे. त्याच घराण्यातल्या तुळाजीचे मात्र काय करायचे? १७५५ मध्ये पेशव्यांनी कंपनीशी करार केला. त्यानंतर सुवर्णदुर्ग गेला, आणि फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह यांच्या तोफांपुढे विजयदुर्ग पडला. आंग्र्यांचे आरमार त्या आगीत जळाले. किल्ल्यातली दहा लाख रुपयांच्या आसपासची लूट इंग्रजांनी आपसांत वाटून घेतली, आणि तुळाजी पेशव्यांच्या कैदेत गेला. लंडनचा छापखाना ज्याला पायरेट म्हणत होता त्याला पुण्याचा दरबार बंडखोर म्हणत होता. दोन्ही शब्दांनी काम एकच केले. तेव्हा 'इंग्रजांनी आपल्या वीराला बदनाम केले' एवढे म्हणून हा विषय संपत नाही; आपल्याच कागदांतही तो माणूस पुरता उभा राहिला नाही. स्वातंत्र्यानंतर, १९५१ मध्ये, मुंबईतल्या नौदलाच्या तळाला 'आंग्रे' हे नाव मिळाले आणि निदान घराण्याचे नाव तरी धुऊन निघाले. मनोहर माळगावकरांनी १९५९ मध्ये इंग्रजीत कान्होजींचे चरित्र लिहून 'मराठा आरमारप्रमुख' ही ओळख ठसवली. पण त्याच पुस्तकाच्या पुढच्या आवृत्तीला 'द सी हॉक' असे नाव मिळाले. एरॉल फ्लिनच्या १९४० च्या दर्यावर्दी चित्रपटाचे नाव हेच. चाच्याच्या आरोपातून सुटलेला माणूस चाच्यांच्या चित्रपटाच्या पोशाखात बाहेर आला!

असो. या सगळ्यात मराठी पडदा काय करीत होता, हा आमच्या दृष्टीने खरा प्रश्न आहे. आणि त्याचे उत्तर अनपेक्षित आहे. मराठी माणसांनी पडद्यावर एक चाचा आणला होता. तो 'कॅप्टन ब्लड'नंतर वर्षभरातच आला, आणि तो पुरुष नव्हता.

प्रभात फिल्म कंपनी १९२९ मध्ये कोल्हापुरात निघाली आणि १९३३ मध्ये पुण्यास आली. तिचा 'अमर ज्योती' हा हिंदी बोलपट १९३६ चा. दिग्दर्शक व्ही. शांताराम, संगीत मास्टर कृष्णराव, कथा के. नारायण काळे यांची. एका अनाम सागरी राज्यातली सौदामिनी ही स्त्री आपल्या तान्ह्या मुलाचा ताबा मागते. राज्याचा कायदा तो नाकारतो, कारण मूल बापाचे. मग ती समुद्रावर जाते, चाच्यांची नायिका होते आणि पुरुषांनी केलेल्या कायद्याविरुद्धच युद्ध पुकारते. न्यायखात्याचा मंत्री दुर्जय तिच्या हाती सापडतो. त्याच जहाजावर पेटाऱ्यात लपलेली राजकन्या नंदिनीही सापडते. दुर्गा खोटे सौदामिनी झाल्या, चंद्रमोहन दुर्जय, शांता आपटे नंदिनी. व्हेनिसच्या महोत्सवात हा चित्रपट दाखवला गेला.

या चाच्याचे कूळ शोधायला स्टीव्हन्सनकडे जाऊन भागत नाही. कथालेखक काळे हे 'नाट्यमन्वंतर'च्या मंडळींपैकी. १९३३ मध्ये या संस्थेने 'आंधळ्यांची शाळा' रंगभूमीवर आणले आणि मराठी नाटकाच्या इतिहासातले एक पान उलटले, हे आपण सर्व जण शिकवतो. श्री. वि. वर्तकांचे ते नाटक नॉर्वेच्या ब्यर्नसनच्या नाटकावर आधारलेले. स्त्रीला एक नीती आणि पुरुषाला दुसरी, हे का, हा त्याचा प्रश्न. दिवाणखान्यात विचारलेला हाच प्रश्न तीन वर्षांनी काळे समुद्रावर घेऊन गेले, असे आमचे मत आहे. ब्यर्नसनचे मूळ नाटक १८८३ चे, म्हणजे 'ट्रेझर आयलंड' ज्या वर्षी पुस्तक झाले त्याच वर्षाचे. एकाच साली युरोपात दोन बिया पडल्या. एकीचा जगभर चाचा झाला, आणि दुसरीची पुण्यात चाची झाली. 'चाची' हा स्त्रीलिंगी शब्द वापरताना हिंदी वाचकाला काकू आठवेल, याची आम्हांला जाणीव आहे. पण मराठीला दुसरा शब्द नाही, आणि नसण्यालाही अर्थ आहे.

दुर्गाबाईंच्या अभिनयाविषयी थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे. १९३२ च्या 'अयोध्येचा राजा'त त्या तारामती होत्या, त्याच वर्षीच्या 'माया मच्छिंद्र'मध्ये स्त्रीराज्याची राणी. त्या राणीच्या पायाशी खराखुरा चित्ता बसलेला असे. सुखवस्तू, शिकलेल्या घरातली मुलगी बोलपटात आली म्हणून तेव्हा मुंबईत केवढे वादळ उठले ते त्यांच्या 'मी, दुर्गा खोटे' या आत्मचरित्राच्या वाचकांस माहीत आहे. दोन मुलांची जबाबदारी अंगावर असलेली ही तरुण स्त्री मुलासाठी समुद्रावर गेलेल्या आईची भूमिका करीत होती, हे सौदामिनीला पाहताना विसरता येत नाही. फेअरबँक्स आणि फ्लिन यांचा चाचा देहाने बोलतो : उडी, झोका, तलवारीची फिरक. दुर्गाबाईंची सौदामिनी उभी राहते. मान ताठ, नजर समोरच्याच्या डोळ्यांत, आवाज वरच्या पट्टीत न नेता जड केलेला. संगीत नाटकाच्या नायिकेची लकब तिच्यात जवळजवळ नाही. तिच्यासमोर चंद्रमोहन. शांतारामांनी 'अमृतमंथन'मध्ये, १९३४ साली, ज्यांचे डोळे साऱ्या पडद्याएवढे दाखवले होते तेच हे नट. डोळ्यांनी धाक घालणाऱ्या नटासमोर डोळे न लववणारी नटी उभी करणे, ही निवड आम्हांला दिग्दर्शकाच्या सर्व तांत्रिक करामतींपेक्षा मोठी वाटते. शांता आपट्यांच्या गाण्यांनी आणि मेंढपाळाच्या प्रेमकथेने मध्यंतरानंतरचा भाग सैल पडतो, हे मान्य केले पाहिजे. त्या मेंढपाळाचे पुढे सौदामिनीचाच हरवलेला मुलगा निघणे ही तर संगीत नाटकातली जुनी सोय.

आता येथे एक कोडे आहे. त्याच वर्षी, त्याच कंपनीतून आणखी एक चित्रपट बाहेर पडला : दामले-फत्तेलालांचा 'संत तुकाराम'. मुंबईच्या सेंट्रल चित्रपटगृहात तो ५७ आठवडे चालला. विष्णुपंत पागनीस या एके काळी स्त्रीभूमिका करणाऱ्या नटाने तुकाराम उभा केला आणि पाहता पाहता तोच तुकाराम झाला. दिनदर्शिकांवर आणि फोटोंच्या चौकटींत पागनिसांचा चेहरा गेला, देवघरांतही गेला. आमच्या भागातल्या कित्येक वारकरी घरांत ज्या चित्राला आजही हार घातला जातो, ते चित्र कोणाचे, हे सांगण्याचे धैर्य आम्हांला झालेले नाही. सांगून काही साधेल असेही वाटत नाही. १९५२ च्या भालजी पेंढारकरांच्या 'छत्रपती शिवाजी'नंतर चंद्रकांत मांढरे यांच्या बाबतीतही थोड्याफार फरकाने हेच घडले. मग सौदामिनीचा चेहरा का टिकला नाही?

आम्हांला सुचलेले उत्तर असे. नटाचा चेहरा प्रतिमा होतो, तो लोकांच्या मनात जागा आधीच तयार असेल तर. तुकारामाची जागा तीनशे वर्षे कीर्तनांनी, अभंगांनी आणि पालखीने तयार ठेवली होती. पागनीस त्या रिकाम्या चौकटीत येऊन बसले. पुढेही त्यांनी नरसी मेहता केले, विदुर केले. म्हणजे चौकट बदलली तरी भक्त तोच राहिला. न्यूटनचेही तसेच : इंग्लंड-अमेरिकेतल्या मुलांनी सिल्व्हर आधी पुस्तकात ऐकला होता, न्यूटनने त्याला घसा दिला आणि तो घसा पुन्हा पुन्हा ऐकवला. सौदामिनीसाठी अशी चौकट नव्हती. ज्या समुद्रावर ती लढली त्याला नाव नव्हते. तो ना अलिबागचा होता, ना विजयदुर्गचा. प्रभातने कोकणचा किनारा आणि आंग्र्यांचे आरमार हाती असताना अनाम राज्य का निवडले, याचे एक कारण परकी सत्तेची सेन्सॉरशिप हे असू शकते, आणि दुसरे अधिक साधे : मुलाचा ताबा मागणारी बाई खऱ्या मराठी दरबारात उभी करणे प्रेक्षकांना झेपले नसते. अनाम राज्याने चित्रपट वाचवला आणि प्रतिमा घालवली.

वर्षभर आधी वाडियांच्या 'हंटरवाली'त नादिया चाबूक घेऊन घोड्यावर बसली होती. तो चाबूक टिकला, कारण तो पुढच्या चित्रपटांतही आला, आणि कारण तो कोणत्याही कायद्याचे कलम बदला असे म्हणत नव्हता. पुढे तर हिंदी पडद्याने चाच्याला जमिनीवरच आणले. समुद्राच्या जागी चंबळ, जहाजाच्या जागी घोडा, आणि अखेर १९७५ मध्ये गब्बरसिंग. आमच्या विद्यार्थ्यांना डाकूचे वर्णन करा म्हटले असते तर एकानेही डोळ्यावर पट्टी बांधली नसती. डाकू आपला झाला. चाचा मात्र उसना राहिला.

आणि दुर्गाबाई? त्या पडद्यावर पुढे चाळीस वर्षांहून अधिक काळ होत्या. 'भरत मिलाप'ची कैकेयी, 'मुघल-ए-आझम'ची जोधाबाई, 'बॉबी'तली आजी, 'बिदाई'तली आई. १९८३ चा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना मिळाला, तोवर दोन पिढ्या त्यांना आई म्हणूनच ओळखत होत्या. सौदामिनीही आईच होती. पडद्याने तिच्यातली आई ठेवून घेतली आणि तलवार तेवढी काढून घेतली.

खऱ्या चाच्यांनी मध्यंतरी पुन्हा दर्शन दिले. २००८ पासून एडनच्या आखातातल्या बातम्यांत 'सोमाली चाचे' हा शब्द मराठी वृत्तपत्रांत रोज येऊ लागला. भारतीय नौदलाची 'ताबर' ही युद्धनौका त्याच वर्षी तेथे लढली. लहान होड्यांतले हडकुळे तरुण, पायांत सपाता, हातांत बंदुका. २०१३ च्या 'कॅप्टन फिलिप्स'मध्ये बरखाद अब्दी या सोमाली वंशाच्या, त्याआधी कधीही चित्रपटात काम न केलेल्या तरुणाने असा चाचा साकारला, आणि तो इतका खरा होता की त्याच्याकडे पाहताना टोपी आणि पोपट यांची लाज वाटू लागते. ही बातमी आणि हा चित्रपट दोन्ही येऊन गेले. आमच्या वर्गातल्या वह्यांत मात्र पट्टी, पोपट आणि टोपी जशीच्या तशी होती.

त्या मुलीच्या प्रश्नाला त्या दिवशी आम्ही दिलेले उत्तर पाठ्यपुस्तकी होते : नाही बाळ, कान्होजी आरमारप्रमुख होते. तिचे समाधान झाले नाही, आमचेही नाही. पुढच्या सत्रात आम्ही महाविद्यालयाच्या सभागृहात 'अमर ज्योती' दाखवला. प्रत जुनी, आवाज खरखरीत, त्यात मधे वीज गेली. ऊसतोडीच्या हंगामामुळे घर आणि धाकटी भावंडे सांभाळून शिकणाऱ्या काही मुली त्या दिवशी मुद्दाम थांबल्या होत्या. पहिल्या अर्ध्या तासात कुजबुज आणि हसणे चालले होते. सौदामिनी दुर्जयासमोर उभी राहिली तेव्हा ते थांबले.

नंतरच्या चर्चेत मुलांनी जहाजाविषयी विचारले, नेपथ्याविषयी विचारले. कान्होजींचा प्रश्न विचारणारी मुलगी बराच वेळ गप्प होती. मग तिने विचारले, तेव्हा खरोखरच असा कायदा होता का? आम्ही सांगितले, होता. १८९० च्या पालक-पाल्य कायद्याने आणि तेव्हाच्या हिंदू कायद्याने बाप हाच मुलाचा नैसर्गिक पालक. १९५६ च्या कायद्यातही बाप आणि 'त्याच्यानंतर' आई, अशीच शब्दरचना राहिली. त्या 'नंतर'चा अर्थ बापाच्या मृत्यूनंतर असाच घ्यावा असे नाही, बाप प्रत्यक्षात पालकत्व निभावत नसतानाही आई पालक असू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये सांगितले. आणि ते सांगावे लागले गीता हरिहरन या लेखिकेने दाद मागितली म्हणून. मुलीने वर्षे वहीत उतरवून घेतली. १९३६ मधून १९९९ वजा करायचे की उलट, असे शेजारणीला विचारून तिने त्रेसष्ट हा आकडा लिहिला आणि त्याखाली एक रेघ ओढली.